छातीवर छापलेला विनोद

केप टाउनच्या जस्टिन नर्सचा धंदा टवाळीचा होता. नामांकित कंपन्यांची बोधचिन्हं घ्यायची, त्यांतले दोन-चार शब्द फिरवायचे आणि टी-शर्टवर छापून विकायचे. कंपनीचं नावच ‘लाफ इट ऑफ’, म्हणजे हसा आणि सोडून द्या. ‘साउथ आफ्रिकन ब्रुअरीज’ला मात्र हसून सोडून देणं जमलं नाही. त्यांच्या ‘कार्लिंग ब्लॅक लेबल’ या लोकप्रिय बिअरचं लेबल नर्सनं उचललं होतं. ‘ब्लॅक लेबल’च्या जागी त्यानं ‘ब्लॅक लेबर’ घातलं आणि ‘कार्लिंग बिअर’च्या जागी ‘व्हाइट गिल्ट’. राबले काळे, आता मन खातंय गोऱ्यांना. मूळ लेबलावर अमेरिकेच्या रसरशीत बिअरची जाहिरात होती. तिथे आता १६५२ पासून अखंड चालू असलेल्या आफ्रिकेच्या पिळवणुकीची जाहिरात आली. १६५२ म्हणजे यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसं घेऊन केपच्या किनाऱ्यावर उतरला ते साल.

कंपनी कोर्टात गेली. आमच्या ट्रेडमार्कची बदनामी होते, गिऱ्हाइकाच्या मनात बिअरचं नाव वंशभेदाशी जोडलं जातं, असं तिचं म्हणणं. केपच्या उच्च न्यायालयानं ते मान्य करून विक्री थांबवली. त्या न्यायाधीशांना तर हा मजकूर द्वेषमूलक भाषणाच्या सीमेवर गेलेला वाटला. २००४ साली अपील न्यायालयातही नर्स हरला. मग प्रकरण गेलं घटनात्मक न्यायालयापुढे. २७ मे २००५ रोजी त्या न्यायालयानं दोन्ही निकाल फिरवले, तेही एकमतानं.

टी-शर्टवरचा विनोद फार ग्रेट होता, असं न्यायालय म्हणालं नाही. मला विचाराल तर तो ठीकठाकच होता. न्यायालयानं कंपनीला विचारलं ते इतकंच, की तुमचं नुकसान काय झालं? बिअरचा खप घसरला का, घसरण्याची निदान शक्यता तरी दाखवता का? कंपनीकडे तसा कागद नव्हता. मजकूर बोचरा आहे, अप्रिय आहे, एवढ्यावर कुणाचं तोंड बंद करता येत नाही. धंद्याला धोका आहे असं म्हणायचं, तर तो धोका पुराव्यानं दाखवावा लागतो.

हा निकाल देणाऱ्यांची माहिती वाचली आणि मी थबकले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती डिकगांग मोसेनेके यांचं. वर्णद्वेषी राजवटीनं त्यांना पंधराव्या वर्षी पकडलं आणि दहा वर्षं रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ठेवलं. वेगळं सहमतीचं निकालपत्र लिहिलं अल्बी सॅक्स यांनी. १९८८ साली मापुटोमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हेरांनी त्यांच्या गाडीत बॉम्ब ठेवला होता. त्यात त्यांचा उजवा हात गेला, एका डोळ्याची दृष्टी गेली. कायद्याला विनोदबुद्धी असते का, या प्रश्नानं सॅक्स आपलं निकालपत्र सुरू करतात. पुढे त्यांचं म्हणणं असं, की स्वतःला फार गंभीरपणे घेणारा समाज आपले ताण आत कोंडून ठेवतो आणि मग प्रत्येक टवाळी त्याला जिवावर उठल्यासारखी वाटू लागते. इजा म्हणजे काय हे ज्यांच्या शरीरावर लिहिलेलं होतं, त्यांना टी-शर्टवरच्या चार शब्दांनी घाम फुटला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

आता दुसरा टी-शर्ट. २००२ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच’ या तरुणांच्या आवडत्या कपड्यांच्या कंपनीनं काही टी-शर्ट बाजारात आणले. एकावर ‘वाँग ब्रदर्स’ची लाँड्री, तिरप्या डोळ्यांची, शंकूच्या टोप्या घातलेली दोन चिनी माणसं, आणि वाँग या आडनावावर केलेली इंग्रजी कोटी. आशियाई लोकांना हे आवडेल असं आम्हाला वाटलं होतं, असं कंपनीचा माणूस तोंड वर करून म्हणाला. चिन्यांनी लाँड्र्या हौसेनं काढल्या नव्हत्या. इतर धंद्यांची दारं त्यांना बंद होती. सॅन फ्रान्सिस्कोनं १८८० मध्ये लाकडी इमारतीतल्या लाँड्रीला परवाना सक्तीचा केला आणि चिन्यांचे अर्ज सरसकट फेटाळले, तेव्हा यिक वो या लाँड्रीच्या नावानं चाललेला खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८६ मध्ये चिनी लाँड्रीवाला जिंकला. त्याच्या चार वर्षं आधी चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदाही झाला होता. एवढं सगळं पाठीशी असताना ती कोटी चीड आणणारच. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांनी दुकानांसमोर निदर्शनं केली, बोंब झाली आणि कंपनीनं माल मागे घेतला. एकाही पोलिसाला वहीत नोंद करावी लागली नाही.

विनोद कुणावर केलाय, राबवून घेणाऱ्यावर की राबणाऱ्यावर, याचा फरक मला पडतो. पहिला टी-शर्ट मी घातला असता, दुसरा फेकून दिला असता. पण तो फरक करण्याचं काम मी सरकारच्या हातात देणार नाही. सरकारकडे तराजू दिला की काटा सत्तेकडेच झुकतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. निदर्शनं करणं, न विकत घेणं, तोंडावर सुनावणं हेसुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्यच, आणि ‘अ‍ॅबरक्रॉम्बी’ला त्यानंच वठणीवर आणलं.

अर्थात कपड्यावरच्या शब्दांची एक गोम आहे. पुस्तक मिटता येतं, नाटकाला न जाता येतं. समोरच्याची छाती कशी मिटणार? याचं प्रसिद्ध उत्तर अमेरिकेत पॉल रॉबर्ट कोहेनच्या खटल्यात मिळालं. एप्रिल १९६८ मध्ये एकोणीस वर्षांचा हा पोरगा लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या इमारतीत गेला. व्हिएतनाम युद्धाचे दिवस. त्याच्या जॅकेटवर सक्तीच्या लष्करभरतीला उद्देशून एक चार अक्षरी इंग्रजी शिवी होती. (हे सदर सकाळच्या चहाबरोबर वाचलं जातं, त्यामुळे ती इथे येणार नाही. संपादकांचं हेही स्वातंत्र्य मला मान्य आहे.) न्यायदालनात शिरताना त्यानं जॅकेट काढून, घडी करून हातावर टाकलं. एका पोलिसानं न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवून सुचवलं, की हा न्यायालयाचा अवमान समजावा. न्यायाधीशांनी दखल घेतली नाही. मग तो बाहेर येताच पोलिसानंच त्याला अटक केली. तीस दिवसांची कैद झाली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा सरन्यायाधीश बर्गर यांनी कोहेनच्या वकिलांना, मेल्विल निमर यांना, तपशिलात शिरायची गरज नाही असं सूचकपणे सांगून ठेवलं. निमर यांनी सुरुवातीलाच तो शब्द खणखणीत उच्चारला. बरोबरच होतं, वकिलालाच तो शब्द न्यायालयात उच्चारायची लाज वाटली असती, तर खटला तिथेच संपला असता. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोहेन सुटला. न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिलं, की ज्यांना ते वाचायचं नाही त्यांनी नजर फिरवावी.

हार्लनसाहेबांनी संध्याकाळची कल्याण लोकल पाहिली नव्हती. तिथे दुसऱ्याच्या पाठीवरचं अक्षर न् अक्षर आपल्या नाकासमोर असतं आणि मान वळवली तरी पुढे दुसरी पाठ. पण नजर फिरवण्याखेरीजही उपाय असतात. मध्यंतरी ठाणे स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक पोरगा होता. पाठीवर इंग्रजीत एक विनोद, बायकांच्या अंगाबद्दलचा, अगदी रद्दड. सॅक पोटावर लटकवलेली. आम्हा दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या साठीच्या बाईंनी चष्मा वर करून तो नीट वाचला आणि त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. ‘‘काय रे बाळा, आईला वाचून दाखवलास का हा?’’ पोरगा गोरामोरा झाला. ‘‘काकू, मित्रानं दिलाय वाढदिवसाला.’’ ‘‘मग मित्राच्या आईला दाखव.’’ रांग हसली. पोरानं सॅक पोटावरून काढून पाठीवर घेतली आणि विनोद झाकला गेला. काकूंनी सुट्टे पैसे मोजायला घेतले.

आपल्याकडे अशा गोष्टी सहसा रांगेतच मिटत नाहीत, कारण आपला कायदा भावना दुखावण्यापासूनच सुरू होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २९५ अ. धार्मिक भावना दुखावल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि वॉरंटशिवाय अटक करता येते. कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं’ अशी अट आहे, पण ती तपासली जाते पुढे कधीतरी. जीप दारात उभी राहते आधी. कपड्यांपुरता तर आपल्याकडे खास नियमही आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर तिरंगा पोशाखावर चालतो, पण कमरेच्या वर. कमरेखाली, अंतर्वस्त्रांवर किंवा रुमालावर तो छापणं हा राष्ट्रीय मानचिन्हांचा अपमान समजला जातो.

न्यायालयांची भूमिकाही कधी इकडे, कधी तिकडे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या पत्रिकेत छापल्याचं प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालायला काव्यस्वातंत्र्याचा आधार घेता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे माणूस जेवढा मोठा तेवढी फूटपट्टी कडक. मला हे उलटं वाटतं. गांधीजींएवढा सोसण्याची ताकद असलेला माणूस शोधून सापडणार नाही, आणि आपण त्यांनाच काचेच्या कपाटात ठेवतो.

पण त्याच न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात वेगळा सूर लावला. एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी रद्द केला. शब्दांचा परिणाम जोखताना माणूस समंजस आणि खंबीर मनाचा धरावा, दर टीकेत धोका दिसणारा भित्रा नव्हे, ही त्यांची कसोटी. तिचं मूळ आपल्याच नागपुरात आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली. याच निकालानं पोलिसांना आणखी एक आठवण करून दिली. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, आणि बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारीत ती वापरायला हवी.

माझ्या मते सगळा खेळ त्या चौदा दिवसांचा आहे. नर्स सर्वोच्च पातळीवर जिंकला खरा, पण त्याआधी दोनदा हरला, आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे लोक होते. आपल्याकडे गल्लीत मशीन टाकून शे-दोनशे टी-शर्ट छापणाऱ्याला यातलं काहीच परवडत नाही. पहिला फोन आला की तो डिझाइन पुसतो, माफीचा व्हिडिओ टाकतो आणि पुढच्या वेळी फक्त ‘आय लव्ह पुणे’ छापतो. निकाल त्याच्या बाजूनं लागेलही, पण तो लागेपर्यंत दुकान टिकायला हवं. म्हणून प्रश्न पहिल्याच पायरीवर, ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी विचारला गेला पाहिजे. तुम्हाला राग आला, मान्य. त्या कपड्यानं कुणाला धमकी दिली का, दंगलीला चिथावलं का, तुमचं नेमकं काय बुडालं? उत्तर नसेल तर तक्रारदारानं घरी जावं, आणि वाटेत तो टी-शर्टवाला भेटलाच तर त्याला चार शब्द सुनवावेत. तो हक्क त्याचा कुणीच काढून घेतलेला नाही.