भाडं पाच तारखेच्या आत, दुरुस्ती ‘दिवाळीनंतर बघू’

मंडळी, पोस्ट लांब आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी तर वाचाच, पण घर भाड्याने देणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. रागावून कमेंट करायची असेल तर वाचून झाल्यावर करा.

मृगाचे दोन पाऊस झाले आणि दरवर्षीप्रमाणे इनबॉक्समध्ये गळक्या घरांचे फोटो यायला लागले. परवा एका ताईंनी व्हिडिओ पाठवला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून पाणी ओघळतंय आणि त्याच भिंतीवर स्विचबोर्ड आहे. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून मुलांना चप्पल घालूनच फ्रिज उघडायची सवय लावलीय. मी विचारलं, घरमालकांना सांगितलं का? उत्तर आलं, “दादा, सांगितलं तर खोली खाली करा म्हणतील. शाळा आत्ताच सुरू झाल्यात, आता कुठं जाऊ?” मागोमाग दुसरा मेसेज, “व्हिडिओ टाकू नका, ते ओळखतील.”

व्हिडिओ टाकलेला नाही. पण त्या दुसऱ्या मेसेजवर बोलायलाच पाहिजे. घरात करंट उतरलाय आणि माणसाला भीती करंटची नाही, घरमालकाची वाटतेय. ही अवस्था आपल्या गावात आलीय आणि आपण सगळे ती चालवून घेतोय.

दुरुस्ती मागितल्यावर मिळणारी उत्तरं तुम्हाला पाठ असतील. “पावसाळ्यात कुणाच्या घरात ओल येत नाही?” “आधीचे भाडेकरू सहा वर्षं राहिले, त्यांनी कधी तक्रार केली नाही.” “दिवाळीनंतर बघू.” आणि सगळ्यात ठेवणीतलं, “परवडत नसेल तर दुसरीकडे बघा, मला दहा जण विचारतायत.” भाडं मात्र पाच तारखेच्या आत पाहिजे. सहा तारखेला फोन येतो. त्याला कुणी दिवाळीनंतर बघू म्हणून बघावं!

भाडं कशाचं घेता, हा माझा साधा प्रश्न आहे. चार भिंतींचं घेता की राहण्याजोग्या घराचं? रिक्षा भाड्याने चालवायला दिली आणि तिचं इंजिनच बसलं, तर मालक दिवसाचं भाडं मागू शकतो का? मंगल कार्यालयात पाणी आलं नाही तर आपण बिलावर भांडतो. मग घराच्याच बाबतीत दुरुस्ती ही मालकाची मेहेरबानी कशी झाली?

आता कायदा बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम १४ म्हणतं की भाडेकरूने वेगळा करार केलेला नसेल तर जागा राहण्यालायक स्थितीत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. मालक करत नसेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही हालचाल नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एकच, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम त्या वर्षात कापता येत नाही. महिना ६,००० भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० आणि त्यातले १८,००० रुपयांपर्यंत. तेवढ्यात वायरिंग, नळ, गिलाव्याचं बरंचसं काम होतं. ही तरतूद वीस वर्षांहून जास्त काळ पुस्तकात आहे. आपल्या गावात ती वापरलेला एक तरी माणूस तुम्हाला माहीत आहे का? मला नाही.

का नाही, तर ‘अकरा महिन्यां’मुळे. हल्ली सगळे करार लीव्ह अँड लायसन्सचे असतात. अशा करारावर राहणाऱ्याला कायदा भाडेकरू धरतच नाही, परवानाधारक धरतो. त्यामुळे कलम १४ चा आधार त्याला सरळ मिळत नाही. मुदत संपल्यावरही राहिला तर दुप्पट भाडं भरायची वेळ येते. म्हणजे त्याच्यासाठी हातातला करार हाच कायदा. आणि तो करार काय असतो? झेरॉक्सच्या दुकानातला तयार मसुदा. नाव, गाव, रक्कम बदलायची, बाकी मजकूर तोच. त्यात ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारक करेल’ असं एक वाक्य हमखास असतं. मोठी दुरुस्ती कोण करेल, याचा पत्ता नसतो. मग मालकाच्या हिशेबी स्लॅब गळणं हीसुद्धा किरकोळ दुरुस्तीच!

दुसरी गंमत ऐका. बहुतेक जण हा करार स्टॅम्पपेपरवर करून नोटरीचा शिक्का मारतात आणि झालं म्हणतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. वर्षाच्या आतला करार म्हणजे नोंदणीची कटकट नाही, ही अकरा महिन्यांमागची जुनी युक्ती. पण आपल्या राज्यात १९९९ च्या याच कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केलीय. करार भाड्याचा असो की लीव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीवर भागवणाऱ्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पाचशे-हजार वाचवायला गेलात आणि अख्ख्या कराराची सूत्रं समोरच्याच्या हातात दिलीत.

आणखी एक गोष्ट, जी घरमालक कधी सांगत नाहीत. आयकरात घरभाड्याचं उत्पन्न दाखवताना मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट सरसकट मिळते. दुरुस्ती-देखभालीला किती खर्च केला याची पावती कुणी मागत नाही. एक रुपया खर्च केला नाही तरी वजावट मिळते. सरकारने धरलेलंच आहे की घर राखायला खर्च येणार. सवलत घ्यायची आणि घराला हातही लावायचा नाही, हा कुठला न्याय?

आता दुसरी बाजू. सगळे घरमालक सावकार नाहीत. निवृत्त शिक्षक आहेत, एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, ज्यांचं औषधपाणी वरच्या मजल्याच्या भाड्यावर चालतं. जुन्या वाड्यांत वर्षानुवर्षं नाममात्र भाडं देऊन राहणारे लोक आहेत. तिथे महिन्याच्या भाड्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही, हे मालकाचं गाऱ्हाणं खरं आहे. नळाची चावी मोडून, भिंतीला खिळ्यांची चाळण करून, विजेचं बिल थकवून रातोरात गेलेले भाडेकरूही आपण पाहिलेत. पण मी बोलतोय ते बाजारभावाने भाडं घेणाऱ्या, दरवर्षी दहा टक्के वाढवणाऱ्या आणि डिपॉझिट आधीच खिशात घातलेल्या मालकांबद्दल. भाडं बाजाराच्या दराने घ्यायचं असेल तर घरही तसंच दिलं पाहिजे.

आणि कोणतं काम कुणाचं, यावर एवढा वाद व्हायचं कारणच नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्याच्या परिशिष्टात सरळ यादी आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाचं. नळाचा वॉशर, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती, खिडकीची काच, कडी-कुलूप, तुंबलेली मोरी हे राहणाऱ्याचं. तो फक्त नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण ती यादी आपल्या करारात उतरवून घ्यायला कुणाची परवानगी लागते? दोन ओळींचं काम आहे.

म्हणून भाड्याने राहणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो.

एक, तोंडी सांगून थांबू नका. जिन्यात भेटले तेव्हा बोललो होतो, याला पुरावा म्हणत नाहीत. फोटो काढा, तारीख टाका, व्हॉट्सअॅपवर पाठवा. भाषा नम्र ठेवा. “काका, किचनच्या भिंतीत पाणी उतरलंय आणि बोर्डला करंट येतोय. या आठवड्यात वायरमन पाठवाल का?” एवढं पुरे. आठवड्यात काही झालं नाही तर तेच कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवा.

दोन, पुढचा करार करताना दुरुस्तीची यादी, किती दिवसांत करायची ती मुदत आणि न केल्यास खर्च भाड्यातून वळता होईल हे कलम घालून घ्या. आत जाताना घराचे फोटो काढून दोघांच्या सह्या करा. डिपॉझिट परत घेताना हेच उपयोगी पडतं.

तीन, जिवाशी खेळ असेल तर वाट बघू नका. करंट येत असेल तर आधी मेन स्विच बंद आणि मग फोन. महावितरणचं काम मीटरपर्यंत, पुढचं वायरिंग घरातलं. स्लॅबचे तुकडे पडत असतील तर नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नगरपालिकेलाही सांगायचंय. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींवर नोटिसा चिकटवता, फोटो पेपरला देता. मग पुढे काय? नोटीस पावसात भिजून गळून पडते आणि लोक त्याच इमारतीत राहतात. नोटीस दिलेल्या इमारतींपैकी कितींची दुरुस्ती झाली, किती रिकाम्या झाल्या, ती यादी जाहीर करा. मी माहिती अधिकारात मागणारच आहे, त्याआधी दिलीत तर तुमचाच कागद वाचेल.

आणि घरमालक मंडळी, तुमच्याकडे दहा जण विचारतायत हे मान्य. पण भिंतीत मुरणारं पाणी भाडेकरू बघून थांबत नाही. ते तुमचीच सळई गंजवतं. आज चार हजारांत होणारं काम तीन पावसाळ्यांनी चाळीस हजारांवर जातं, हे तुमचा गवंडीच सांगेल. आणि ओल्या भिंतीतल्या करंटने कुणाचं लेकरू गेलं, तर कोणता करार दाखवून सुटणार आहात?

ही पोस्ट तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाका. भाडेकरूने टाकली तर मालक ओळखेल अशी भीती वाटत असेल, तर एखाद्या घरमालकानेच टाकावी. आपल्या गावात असेही मालक आहेत जे दर मे महिन्यात गच्ची तपासून घेतात, भाडेकरूला स्वतः विचारतात, “काही करायचंय का हो?” त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. बाकीच्यांना निदान कळू द्या की हे जमतं.