बागेचं कंत्राट देण्याआधी

फौजेत एक जुना विनोद आहे. हलत असेल तर सॅल्यूट ठोका, हलत नसेल तर चुना लावा. ज्यांनी युनिटचं वार्षिक इन्स्पेक्शन पाहिलं आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. जनरलसाहेब येणार म्हटलं की आठवडाभर आधी झाडांचे बुंधे गेरू-चुन्याने रंगतात, रस्त्याकडेच्या विटा तिरप्या रांगेत उभ्या राहतात आणि आदल्या रात्री कुठून तरी ट्रकभर फुललेल्या कुंड्या मेससमोर येऊन लागतात. लेफ्टनंट असताना मी स्वतः नर्सरीतली फुललेली झेंडूची रोपं वाळूत खोचून एका रात्रीत ‘बाग’ उभी केली आहे. तिसऱ्या दिवशी सगळ्या रोपांनी माना टाकल्या, पण तोवर साहेब खूश होऊन परत गेले होते.

हे आज लिहायचं कारण असं, की निवृत्तीनंतर मी माझ्याच घरासमोर नेमका हाच प्रकार केला. फरक इतकाच, की या वेळी पैसे माझे होते आणि बाग माझी नव्हती.

आमचं घर महूला आहे. मी तिथे इन्स्ट्रक्टर असताना प्लॉट घेतला होता. तेजपूरची पोस्टिंग संपवून मी राजौरीला गेलो तेव्हा मुलीच्या शाळेसाठी सौ.ने महूला राहायचं ठरवलं. राजौरी, मग उत्तर सिक्कीम, मग लेह. मधली एक पीस पोस्टिंग सोडली, तर त्या नऊ वर्षांत मी घरी आलो तो रजेवरचा पाहुणा म्हणूनच. घरासमोरच्या दीड हजार चौरस फुटांत सौ.ने काय काय लावलं होतं ते मी प्रत्येक रजेत पाहायचो आणि ‘छान आहे’ म्हणायचो. पारिजातक, अनंत, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा, कुंपणाला जास्वंद, मागे शेवगा. आणि फाटकाजवळ आसामचं काजी नेमू.

काजी नेमू म्हणजे तिकडचं लांबट, भरपूर रसाचं आणि जवळजवळ बिनबियांचं लिंबू. त्याचा वास नुसत्या सालीला नख लावलं तरी हाताला राहतो. तेजपूरच्या क्वार्टरमागे त्याचं झाड होतं. निघताना सौ.ने त्याची कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून आगगाडीतून महूला आणली. तीन कलमांपैकी एक जगलं. तिसऱ्या वर्षी त्याला लिंबं धरली तेव्हा तिने मला राजौरीला फोन करून सांगितलं होतं. मी तेव्हा काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

निवृत्त झालो तेव्हा ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची रक्कम हातात होती. सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. घरात मी एकटा, आणि सकाळी सहाला उठायची सवय सुटलेली नाही. समोरच्या बागेत मला शिस्त दिसेना. कढीपत्त्याच्या शेजारी मोगरा, मोगऱ्यात गवती चहा शिरलेला, पारिजातकाचा कचरा रोज पायरीवर. म्हटलं, ती परत येईपर्यंत सगळं नवीन करून ठेवू.

शहरातून लँडस्केपिंगवाले आले. त्यांनी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. हिरवंगार कार्पेट लॉन, कडेने गोल कापलेले फायकस, फॉक्सटेल पामची रांग, पांढरे गोटे, जमिनीत बसवलेले दिवे. चित्र पाहून मला आमच्या ऑफिसर्स मेसची आठवण झाली आणि मी भुललो. जेसीबी आला. त्यांच्या सुपरवायझरने विचारलं, “सर, सगळं साफ करायचं ना?” मी म्हणालो, “साफ करा.” दोन तासांत साफ झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर वाचणारा सगळा दोष त्या माणसांवर ढकलेल. त्यांनी विचारलं होतं. हुकूम माझा होता.

सौ. जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. फाटकातून आत आली, बॅग खाली ठेवली आणि जिथे लिंबू होतं त्या जागेकडे बघत उभी राहिली. मी दिवे लावून दाखवले. ती म्हणाली, “अहो, निदान एक फोन तरी करायचा होतात.” त्यानंतर त्या बागेत ती पाणी घालायला उतरली नाही.

पुढचं काम पावसाने केलं. माळव्याची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून बंद होते. त्या मातीवरून जेसीबी फिरला की ती दाबली जाते आणि निचरा जवळजवळ थांबतो. आमच्या लोकांनी दाबलेल्या काळ्या मातीवर चार इंच लाल माती पसरली आणि वर लॉनचे तुकडे चटईसारखे अंथरले. पहिल्या मोठ्या पावसात पाणी खाली जायला वाट नव्हती. तीन दिवस लॉन पाण्यात होतं. मग पिवळं पडलं, मग कुजलं. गणपतीपर्यंत चौदापैकी नऊ पाम गेले. मेलेला एक पाम मी हाताने ओढला, तर तो सहज वर आला. मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी होती. झाड पिशवीसकट पुरलं होतं. फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, “सर, करार प्लांटेशनचा होता, मेंटेनन्स वेगळा.” करार काढून पाहिला. खरंच तसा होता, आणि खाली सही माझी होती.

आता माझं मत सांगतो. ‘बाग स्वतःच लावावी, व्यावसायिक लोक लुटतात’ असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, पाइप, मातीची भर ही कामं जाणकाराचीच आहेत. पण आपण फौजी लोक बागेकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर घेऊन कंत्राट दिलं तर चांगला माणूससुद्धा आपल्याला इन्स्पेक्शनचीच बाग लावून देईल. कारण आपण मागतो तीच.

ही नजर दोन वर्षांची आहे. पोस्टिंग दोन-अडीच वर्षांची, म्हणून आपण लावतो ते डेलिया, पिटुनिया, शेवंती. एका हिवाळ्यात फुलावं आणि फोटोत यावं. आपण आंबा लावत नाही, कारण तो खायला आपण तिथे नसतो. तरी कँटोन्मेंटच्या जुन्या बंगल्यांत आपण सगळ्यांनी आंबे खाल्ले आहेत. ते कुणीतरी लावून पुढच्या पोस्टिंगला निघून गेलं होतं. क्वार्टरचा चार्ज देताना-घेताना आपण पंखे मोजतो, खुर्च्या मोजतो, गीझर चालू आहे का पाहतो. त्या यादीत झाडाला कधी रकाना पाहिला आहे? निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा मीही असाच पाहणी करणाऱ्या साहेबासारखा आलो. नऊ वर्षं जिच्याकडे त्या जागेचा चार्ज होता, तिच्याकडून तो रीतसर घेतलाच नाही.

फौजेनेच याचं उलट उदाहरणही घालून दिलं आहे. १९८२ साली डेहराडूनला गढवाल रायफल्सची १२७ इन्फंट्री बटालियन टेरिटोरियल आर्मी, म्हणजे पहिली इकॉलॉजिकल पलटण उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले मसुरीकडचे डोंगर पुन्हा हिरवे करायचे, हे तिचं काम. जवान बहुतेक माजी सैनिक, त्याच भागातले. डेहराडूनच्या पोस्टिंगमध्ये मला त्यांचं काम पाहायला मिळालं. तिथल्या एका सुभेदार साहेबांना मी विचारलं, यंदा किती झाडं लावली? ते म्हणाले, “साहब, लगाया कितना ये मत पूछिए, बचा कितना ये पूछिए.” तेव्हा मी हसून मान डोलावली होती. त्याचा अर्थ महूला पामची पिशवी हातात आली तेव्हा कळला.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा माणूस बोलावला. या वेळी सौ.ने निवडला. कृषी महाविद्यालयात शिकलेला तरुण. तो आला आणि त्याने चित्र दाखवलं नाही. आधी विचारलं, पावसात पाणी कुठे साठतं? मे महिन्यात दुपारी तीनला सावली कुठे असते? आणि रोज पाणी कोण घालणार? मग त्याने दीड फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरला आणि म्हणाला, उद्या सकाळी येतो. सकाळी खड्ड्यात पाणी तसंच होतं. ही आपली रेकी झाली. रेकी केल्याशिवाय आपण एक सेक्शनसुद्धा पुढे पाठवत नाही, आणि मी जेसीबी पाठवला होता.

त्याने पैसे खर्च केले ते जमिनीखाली. कडेने चर खणून खडी भरली, दाबलेली माती दोन फूट उकरली, भरपूर शेणखत मिसळलं, वाफे फूटभर उंच केले. वर महिनाभर काहीच दिसत नव्हतं. आला-गेला विचारायचा, “कर्नलसाहेब, पाइपलाइन टाकताय का?”

लॉनचा हिशोबही त्यानेच मांडून दाखवला. हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं, तरी रोजचं साडेचारशे लिटरच्या वर जातं. आमच्या शेजारच्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून, घाट चढवून आणावं लागतं. अशा मुलखात मी रोज तेवढं पाणी गवताला घालणार होतो. आता लॉन नाही. पायरीसमोर खुर्च्या टाकण्यापुरती हरळी आहे. ती उन्हाळ्यात सुकते आणि पहिल्या पावसाला परत येते. कुंपणासाठी पहिल्या कंपनीने कोनोकार्पस सुचवलं होतं. ते झपाट्याने वाढतं म्हणून खपतं, पण गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. आम्ही कुंती आणि अडुळसा लावला. वेळ लागतो आहे, लागू दे.

राहिलं लिंबू. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार मेजर राहतात, मूळचे कुमाऊंचे. सौ.ने चार वर्षांपूर्वी त्यांच्या घरी काजी नेमूची गुटी दिली होती. मला माहीत नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यांच्या मॅडमनी त्या झाडाला गुटी बांधली, दोन महिन्यांनी मुळं धरल्यावर उतरवली आणि स्वतः आणून सौ.च्या हातात दिली. माझ्या हातात नाही. झाड आता कमरेएवढं आहे. पारिजातक नवा लावला आहे, तो जुन्याएवढा व्हायला अजून काही वर्षं आहेत.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मित्रांना म्हणून चार गोष्टी सांगतो. घरी आलात की एक पूर्ण वर्ष काही करू नका, एक उन्हाळा आणि एक पावसाळा नुसतं बघा. कंत्राट द्यायचं तर माती, उतार आणि पाणी यांचं द्या. झाडं मात्र रोज पाणी घालणाऱ्याने निवडावीत. करारात लावलेली नव्हे, जगलेली झाडं मोजा, आणि एक तृतीयांश रक्कम दुसऱ्या दिवाळीपर्यंत हातात ठेवा. चांगला माणूस या अटीला घाबरत नाही, आमच्या तरुणाने ती लगेच मान्य केली. आणि यंत्र फाटकातून आत येण्याआधी, ज्याने ती बाग सांभाळली त्याच्याबरोबर एक फेरी मारा. ज्या झाडाला हात लावायचा नाही त्याला लाल फडकं बांधून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाण्याचं म्हणाल तर सकाळचं पाणी आता मी घालतो. कुठल्या झाडाला किती, ते सौ. सांगते. अजून दोन-तीन गोष्टी ती मला करू देत नाही, छाटणी त्यातली एक.

जय हिंद.