कोलोनोस्कोपीच्या कागदावर प्रत्यारोपणाचा रकाना छापा




मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीसाठी, म्हणजे कोलोनोस्कोपीसाठी, नगरकरांना आता पुणं गाठावं लागत नाही. सावेडीतच ती होते, याचा आनंद आहे. पण आदल्या दिवशी पोट साफ कसं करायचं याचा जो कागद हातात मिळतो, तो सरसकट सगळ्यांना एकच असतो. अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसाला तो कागद घातक ठरू शकतो, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाला मी माझं मूत्रपिंड दिलं आहे. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, पुढचं सगळं अजून तिथेच दाखवतो. मध्यंतरी त्याचे जुलाब काही केल्या थांबेनात, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. सल्ला योग्यच होता. प्रत्यारोपणानंतरचे जुलाब, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या मायकोफेनोलेटच्या गोळीनेही होतात आणि सायटोमेगॅलो विषाणूनेही. आत पाहून, तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय अनेकदा ते उलगडत नाही. पण काउंटरवर मिळालेल्या पुसट झेरॉक्सवर तीन ओळी होत्या : सोडियम फॉस्फेटची बाटली पाण्यात मिसळून घ्यावी, नारळपाणी भरपूर प्यावे, सकाळी कोणतीही गोळी घेऊ नये. मी कागदाचा फोटो पुण्याला पाठवला. तिथल्या प्रत्यारोपण समन्वयक ताईंनी डॉक्टरांना विचारून तिन्ही ओळी खोडायला लावल्या.

फॉस्फेटचं औषध शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. माणूस कोरडा पडतो, आणि रक्तात गेलेलं फॉस्फेट कॅल्शियमबरोबर मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये साचतं. हे नुकसान कधी कधी कायमचं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये त्याबद्दल सावध केलं आणि २००८ मध्ये फॉस्फेटच्या गोळ्यांवर चौकटीत इशारा छापायला लावला. एकाच मूत्रपिंडावर जगणाऱ्याला तेच औषध आजही न विचारता लिहून द्यायचं, याला काय म्हणावं? पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर हा त्याहून सुरक्षित पर्याय आहे आणि तो मेडिकलमध्ये सहज मिळतो. ती पाण्यात विरघळवून एवढं द्रावण पिणं जिवावर येतं, खरं आहे. म्हणून अर्धं रात्री आणि अर्धं पहाटे घ्यायला सांगतात.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. अवयव नाकारला जाऊ नये म्हणूनच चालू असलेल्या टॅक्रोलिमस या गोळीने रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. साधं पाणी आणि बिनदुधाचा चहा भावाला पुरला.

सर्वांत जास्त धास्ती मला तिसऱ्या ओळीची वाटली. टॅक्रोलिमस सहसा बारा-बारा तासांनी घ्यावी लागते. ती चुकली तर शरीर परक्या अवयवावर उठू शकतं. वर्षानुवर्षं चालू असलेली प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी अचानक बंद झाली तर रक्तदाब कोसळू शकतो. उलट सगळ्याच गोळ्या घ्या म्हणणंही चूक. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या त्या दिवशी डॉक्टर थांबवतात, इन्सुलिनही कमी करतात. पोट साफ करणारं द्रावण सुरू होण्याच्या अगदी आधी घेतलेली गोळी तशीच वाहून जाऊ शकते. आणि जुलाबांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, ती वाढली की मूत्रपिंडालाच इजा होते. म्हणजे कुठली गोळी, किती वाजता, आणि रक्त पुन्हा कधी तपासायचं, हे प्रत्येक रुग्णासाठी वेगळं लिहावं लागतं, आणि तेही प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलून.

काही जण म्हणतील, रुग्णानेच सांगायला हवं. भावाने सांगितलं होतं, त्याच्या फायलीवर तसं लिहिलंही होतं. कागद देणाऱ्या मुलीपर्यंत ते पोहोचलं नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. तिच्यासमोरच्या गठ्ठ्यात एकच नमुना होता. कागद लांबेल, लोक घाबरतील, हेही ऐकलं. अवयव प्रत्यारोपण झाले आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, एवढे दोन रकाने आणि खाली 'हो असल्यास डॉक्टरांनी स्वतः लिहावे' अशी एक ओळ, यात लांबण्यासारखं काय आहे?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. सरकार एवढा पैसा घालतं, घरातलं कुणी स्वतःचा अवयव देतं, आणि ते सगळं एका झेरॉक्सवर सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नगर शाखेने असा मराठी नमुना तयार करून शहरातल्या प्रत्येक एंडोस्कोपी केंद्राला द्यावा, ही माझी जाहीर मागणी आहे. मेडिकलवाल्यांनीही फॉस्फेटची बाटली देताना तेच दोन प्रश्न विचारावेत. भावाची तपासणी पावडरीवर, गोळ्यांच्या वेळा सांभाळून, व्यवस्थित पार पडली. पुण्याहून दुरुस्त होऊन आलेला त्याचा कागद माझ्याकडे आहे. शाखेला तो नमुन्यासाठी हवा असल्यास नाव झाकून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक अवयवदात्री बहीण
सावेडी, अहिल्यानगर