आधी फिटची गोळी, मग शक्तीची बाटली



वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की आम्ही थोडा वेळ आरोग्यावर बोलतो. चिंचणीत एका संध्याकाळी विषय होता लहान मुलांना येणारी फिट. सगळे उठल्यावर एक आई पिशवी घेऊन पुढे आली. पिशवीत टॉनिकच्या दोन बाटल्या, कॅल्शियमचे औषध आणि व्हिटॅमिन डीची पाकिटे होती. फिटचे औषध मात्र नव्हते. "ताई, ते संपून महिना झाला. सरकारी दवाखान्यात मिळाले नाही. मेडिकलवाला म्हणाला, पोरगा अशक्त आहे, ताकद आली की फिट जाईल. पैसे तेवढेच होते." त्याच आठवड्यात सहा वर्षांचा तो मुलगा चुलीजवळ फिट येऊन पडला होता आणि त्याचा हात भाजला होता.

आम्ही त्या आईला दोष देत नाही. तिने मजुरीचे पैसे पोराच्याच औषधावर घातले. पण ते चुकीच्या बाटलीवर गेले. असे अनेक घरांत घडते, म्हणून हे लिहीत आहोत.

आपल्या मेंदूचे काम बारीकशा विजेच्या संदेशांवर चालते. ते संदेश एकदम, बेताल सुटले की शरीर आखडते, झटके येतात, शुद्ध हरपते. हीच फिट, आकडी किंवा मिरगी. यात भूतबाधा नाही, करणी नाही, मागच्या जन्माचे पाप नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तो कार्यकारणभाव शोधायला शिकवणारा. तरीही आपल्यातली काही घरे फिट आली की आधी भगताकडे जातात. तिथे गेलेला वेळ मुलाच्या मेंदूला महाग पडतो.

प्रत्येक फिट म्हणजे मिरगी नव्हे, हेही लक्षात ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना नुसत्या तापात झटका येतो. त्यातल्या बहुतेकांना रोजचे औषध लागत नाही. पण पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवायलाच हवे, कारण मेंदूज्वर, मेंदूचा टीबी, जंतांच्या गाठी किंवा रक्तातली साखर कमी होणे यामुळेही फिट येते.

ताप नसताना, कारण नसताना पुन्हा पुन्हा फिट येत असेल, तर रोजचे औषध लागते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन, सोडियम व्हॅल्प्रोएट ही जुनी औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती रक्तात ठराविक प्रमाणात राहिली तरच फिट आवरते. "आता फिट येत नाही" म्हणून औषध बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. फिट येत नाही ती औषधामुळेच. ते एकदम तोडले तर फिट परत येते, कधी आधीपेक्षा मोठी आणि लांबणारी. साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही, तर डॉक्टर हळूहळू मात्रा कमी करतात. मूल वाढते तसे वजन वाढते, म्हणून मात्रा पुन्हा ठरवून घ्यावी लागते. पातळ औषध असेल तर बाटली नीट हलवा आणि घरातला चमचा न वापरता सोबतच्या मापानेच द्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले तर १०० पैकी ७० जण फिटशिवाय जगू शकतात.

मग व्हिटॅमिन निरुपयोगी आहे का? नाही. फिटच्या काही औषधांमुळे शरीरातले व्हिटॅमिन डी आणि फॉलिक ॲसिड कमी होते, हाडे कमजोर होतात. म्हणून डॉक्टर जोडीला ती देतात. तान्ह्या बाळाच्या रक्तात कॅल्शियम कमी पडूनही झटके येतात, तिथे कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी हेच औषध ठरते. अगदी विरळ एखाद्या बाळाची फिट व्हिटॅमिन बी-६ शिवाय थांबतच नाही. पण हे सारे तपासून ठरते, मेडिकलच्या काउंटरवर ठरत नाही. व्हिटॅमिन डीचे ६०,००० युनिटचे पाकीट रोज घ्यायचे नसते. ते रोज दिले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूल ओकू लागते, किडनीला इजा होते. फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा फेनिटॉइनचा असर कमी करू शकते. शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची गोळी मात्र बंद करू नका, डॉक्टरांना तेवढे सांगून ठेवा. व्हिटॅमिन हे फिटच्या औषधाचे सोबती आहे, त्याच्या जागी ते चालत नाही.

मुलींबद्दल दोन गोष्टी. सोडियम व्हॅल्प्रोएटने गर्भातल्या बाळाला इजा होऊ शकते. मुलगी वयात येण्याआधीच डॉक्टरांशी बोला, पण गोळी स्वतःहून थांबवू नका. दुसरे म्हणजे, लग्न जमणार नाही या भीतीने आजार लपवू नका. हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यात मिरगीच्या कारणाने लग्न रद्द करता येत असे. १९९९ साली ती तरतूद काढून टाकली. कायदा बदलला, आता आपली मने बदलली पाहिजेत.

शासनालाही आमचा प्रश्न आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी व्हायची, आणि तपासायच्या आजारांत झटक्यांचा आजार आहे. कागदावर हे आहे. मग आजार सापडलेल्या मुलाचे औषध महिना महिना मिळत नाही, हे कसे? फिटचे औषध प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने असावे आणि एका वेळी तीन महिन्यांचे द्यावे. एका बाटलीसाठी आईची मजुरी बुडू नये. विहार समितीने आपल्या वस्तीतल्या अशा मुलांची घरे ओळखून आशाताईंना सोबत घ्यावे आणि औषध संपायच्या आठ दिवस आधी मागणी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

फिट आली तर: मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली, तर १०८ ला फोन करा. अशा मुलाला समुद्रावर, खाडीत, विहिरीवर एकटे सोडू नका, चुलीपासून लांब ठेवा. शाळेतून मात्र काढू नका.

आजारी भिक्खूला कोणी विचारत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले, स्वच्छ केले. आपल्या वस्तीतल्या फिटच्या मुलाला आपण तेवढे तरी जवळ घेऊ. आज घरी गेल्यावर औषधाची पिशवी उघडून बघा. फिटची गोळी किती दिवसांची उरली आहे, ते मोजा.

जय भीम!