परदेशी पगार: जाण्याआधी मांडायचा हिशेब

आसेगावच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या तरण्या पोरांनो, आणि त्यांच्या मायबापांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. सोयाबीन निघालं, तूर-हरभरा घरात आला, की उन्हाळ्यात गावात रिकामे हात दिसू लागतात. याच दिवसांत मोबाइलवर जाहिरात येते, नाहीतर कोणाच्या तरी ओळखीचा माणूस दारात येतो: कतारला गवंडी पाहिजेत, पस्तीस हजार पगार, राहणं-खाणं फुकट. मंगरुळपीरला किंवा वाशिमला गवंड्याच्या हातात महिन्याला एवढे पैसे पडत नाहीत, हे खरं आहे. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण निघण्याआधी एक संध्याकाळ वही-पेन घेऊन बसा.

बाजार समितीत सोयाबीनचा भाव ऐकून आपण कधी पैसे मोजतो का? ओलावा, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते तेव्हा कळतं काय मिळालं. पगाराचंही असंच आहे. पस्तीस हजार हा भाव झाला, पट्टी अजून यायची आहे.

आधी तो आकडा फोडून बघू. कतारमध्ये मार्च २०२१ पासून सगळ्या कामगारांना एकच किमान वेतन लागू आहे: महिन्याला १,००० रियाल. मालकाने राहण्याची सोय केली नाही तर आणखी ५०० आणि जेवण दिलं नाही तर ३०० रियाल द्यावे लागतात. एक रियाल साधारण २४ रुपयांचा धरला तर मूळ पगार झाला २४,०००. मग वरचे ११,००० कुठून आले? ओव्हरटाइममधून. तिथे आठवड्याचे ४८ तास म्हणजे महिन्याचे २०८, म्हणून तासाला पावणेपाच-पाच रियाल पडतात. ओव्हरटाइमला सव्वापट, म्हणजे सहा रियाल. सहाच्या दराने ११,००० रुपये उभे करायला महिन्याला पाऊणशे तास जादा लागतात, म्हणजे रोज तीन तास. आठ आणि तीन, अकरा. आणि कतारचाच कायदा सांगतो की ओव्हरटाइम धरून दिवसाचं काम दहा तासांच्या वर जाऊ नये. तेव्हा एजंटला सरळ विचारा, करारात मूळ पगार किती लिहिला आहे? तो तोंडी सांगेल तो आकडा धरू नका. कागदावर मूळ पगाराच्या रकान्यात जे लिहिलं आहे, तोच पगार.

आता गावाकडचं बघू. गवंड्याची रोजी ७०० रुपये समजा, आठ तासांची. तासाला साडेसत्याऐंशी. कतारच्या मूळ पगारात तासाला ११५. म्हणजे तासाचा फरक तीसएक टक्क्यांचा आहे, दुप्पट-तिप्पट नाही. तरी महिन्याची कमाई दुपटीहून जास्त का दिसते? कारण गावात महिन्यातले पंधरा दिवस काम मिळालं तरी पुष्कळ, आणि तिथे २६ दिवस हजेरी लागते. आपल्या गरिबीचं मोठं कारण कमी दर आहेच, पण त्याहून मोठं कारण खाडे आहेत. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होता, आणि तेही काम निघालं तर.

म्हणून कतारची तुलना गावच्या पंधरा दिवसांशी करू नका, पुण्याच्या पंचवीस दिवसांशी करा. पुण्यात ८५० रोजी समजा. पंचवीस दिवसांचे २१,२५०, त्यातून खोली आणि खाणावळीचे आठ हजार गेले, उरले तेरा हजारांच्या आसपास. कतारच्या चोवीस हजारांतून रिचार्ज, साबण-तेल, वरखर्च तीन हजार धरला तर एकवीस हजार उरतात. महिन्याला आठ हजारांचा फायदा. दोन वर्षांच्या कराराचा फायदा झाला १ लाख ९२ हजार.

त्या वहीच्या खालच्या ओळीत आता एजंटचे पैसे लिहा. १ लाख २० हजार मागितले आणि ते शेकडा तीनने उचलले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ३,६०० होतं. बचतीतले निम्मे घरी पाठवून उरलेले साडेदहा हजार कर्जाला लावले तर फेडायला चौदा महिने लागतात, आणि एकूण दीड लाखाच्या जवळपास जातात. १ लाख ९२ हजारांतून दीड लाख वजा करा. दोन वर्षं घरादारापासून, लेकरांपासून लांब राहून पुण्यापेक्षा चाळीस-पन्नास हजार जास्त मिळाले. ओव्हरटाइम मिळाला तर थोडी भर पडेल, पण तो करारात हक्काचा नसतो.

आपल्या देशाचा नियम असा आहे की नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि घेतले त्याची पावती द्यावी लागते. तेच कर्ज ३५,४०० चं असेल तर वरच्याच हप्त्याने चार महिन्यांत फिटतं आणि फायद्यातले दीड लाख तुमच्याकडे राहतात. रियाल तेच, घाम तोच. फरक फक्त एजंटला दिलेल्या पैशांचा. गावोगाव फिरणारा सब-एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात बसतच नाही. परवाना क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो तपासा. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या कोणाकडूनही पाच मिनिटांत होतं. टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ, असं जो म्हणेल त्याला घरातून चहा पाजून वाटेला लावा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो. असा माणूस आखातासह १८ देशांत कामाला निघाला तर सरकारी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. ती देताना करार बघितला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही काढावा लागतो: दोन वर्षांचे २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. दहावी पास पोराला ही मंजुरी लागत नाही, म्हणून त्याला वाटतं आपली कटकट वाचली. खरं तर त्याचा करार सरकारी नजरेखालून जातच नाही. तेव्हा दहावी-बारावी झालेल्यांनो, तुम्हीच दुप्पट काळजी घ्या. करार अरबी आणि इंग्रजीत असतो. गावातल्या शिक्षकाकडून तो ओळीनओळ वाचून घ्या: मूळ पगार, कामाचे तास, सुट्टी, खोली, जेवण, जाण्या-येण्याचं तिकीट कोणाचं, काम सुटताना मिळणारी रक्कम.

कामाच्या परिस्थितीचंही बोलू. कायद्याच्या कागदावर तिकडचे काही नियम आपल्यापेक्षा चांगले आहेत. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाला असं कोणी खाली उतरवत नाही. उलट ओव्हरटाइमला आपला कायदा दुप्पट दर सांगतो, तिकडचा सव्वापट. पण इथे ठेकेदाराशी पटलं नाही तर संध्याकाळी थापी उचलून घरी येता येतं. तिथे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल तर येता येत नाही. पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्याही कायद्याने गुन्हा आहे. जाताना त्याच्या, व्हिसाच्या आणि कराराच्या झेरॉक्स घरी ठेवूनच निघा.

आणि खोलीत किती माणसं राहतात हे नक्की विचारा. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगफला कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि ४५ भारतीय गेले. फुकट राहणं म्हणजे कसलं राहणं, हे आधीच गेलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल करून दाखवायला सांगा.

आयटीआय किंवा नर्सिंग झालेल्यांसाठी जर्मनीचीही वाट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जर्मनीत किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे आपले चौदाशेहून जास्त रुपये तासाला. ऐकून डोळे फिरतात. पण कर आणि विम्याची मोठी कपात होते, खोलीभाडं आपल्या खिशातून जातं, आणि आधी जर्मन भाषा नीट शिकावी लागते. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तिथे मात्र आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. आपल्याकडे रोजंदारीवाल्याला ताप आला की त्या दिवसाची चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडतो. ज्याचं वय कमी आहे आणि घरची ओढाताण वर्षभर थांबू शकते, त्याने आखाताच्या आधी या वाटेचा विचार करावा असं माझं मत आहे.

जे इथेच राहून बांधकामावर जातात त्यांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. लेकरांच्या शिक्षणाला, दवाखान्याला मदत मिळते. तुलनेच्या वहीत तीही गावाच्या बाजूला लिहा.

शेवटची विनंती गावाला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ग्रामपंचायतीत एक नोंदवही सुरू करा. परदेशी गेलेल्याचं नाव, देश, कंपनी, एजंटचा परवाना क्रमांक, व्हिसाची मुदत, घरचा फोन, एवढं त्यात असावं आणि ती वही सचिवाच्या कपाटात कुलपात राहावी. जे दोन-चार वर्षं राहून परत आले आहेत त्यांनी जाणाऱ्यांना आपली पगाराची स्लिप दाखवावी: करारात किती होतं, हातात किती आलं, एजंटने किती घेतले.