अवयव तेच, अर्थ निराळे

भोपाळातील मराठी घरांत एकाच पंगतीला तीन भाषा वाढल्या जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा सरकारी नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे आली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशी ही वाटणी. शब्दांची देवघेव सहसा अडत नाही. अडतात ते वाक्प्रचार, आणि त्यांतही अवयवांचे. हात, पाय, तोंड सर्वांना सारखेच. तेव्हा अर्थही सारखेच असणार, असे आपण धरून चालतो.

इंग्रजीचेच पाहा. इंग्रज धडा हृदयाने पाठ करतो, आपण तो तोंडपाठ करतो. त्याच्याकडे पाय ओढणे म्हणजे थट्टा करणे. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्यास खाली खेचणे. दुर्लक्ष करायचे तर तो आंधळा डोळा वळवितो. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत अधू डोळ्याला दुर्बीण लावणाऱ्या नेल्सनशी या प्रयोगाचे नाते सांगतात. आपले मात्र एका डोळ्यावर भागत नाही. आपण कानाडोळा करतो!

परंतु इंग्रजी परकी, म्हणून तिच्याशी आपण जपून वागतो. फसगत होते ती शेजारच्या हिंदीपाशी.

आमच्या परिचयाच्या एका घरात हिंदीभाषक सून आली व तिने हौसेने मराठी आपलीशी केली. एकदा ती म्हणाली, ‘शेजारच्या वहिनींचे पाय भारी झालेत.’ सासूबाईंनी तत्परतेने मिठाच्या गरम पाण्याचा उपाय सुचविला. हिंदीत पाय भारी होतात ते दिवस गेल्यावर. मराठीत पाय जड होतात ते निरोप घेताना. उलगडा झाला आणि घरभर हसू पिकले.

पुढचा प्रसंग मात्र हसण्याजोगा नव्हता. नातवाच्या खोड्यांना कंटाळून सासूबाई कडाडल्या, ‘जा, तोंड काळं कर एकदाचं!’ त्यांच्या मनात ‘नजरेआड हो’ एवढेच होते. सुनेच्या कानी मात्र हिंदीतला अर्थ गेला. तेथे तो बदफैलीचा आरोप. आपल्या लेकराला आजी असे बोलली, या दुःखाने ती दोन दिवस मुकी झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा गाठ सुटली.

आम्हांस वाटते, परप्रांतातील आपल्या घरांनी हे ध्यानी ठेवावे. कोणी अबोल झाले, तर राग धरण्याआधी आपल्या शब्दाचा अर्थ त्याच्या भाषेत काय झाला, हे विचारावे. भाषा जपायची ती माणसांसह.

सासूबाई शेवटी म्हणाल्या, ‘आता कानाला खडा!’

सुनेने भीतभीत विचारले, ‘आई, कानात खडा गेला का?’