गादी उन्हात, मूल सावलीत

मुलासाठी नवी गादी घरात आली की कौतुकाचे दोन दिवस सरतात न सरतात, तोच पहिली ताकीद मिळते, "यावर शू केलीस तर बघ हं!" आपलंही चूक नाही. महिन्याच्या खर्चातून पै-पै बाजूला काढून घेतलेली वस्तू, ती वर्षानुवर्षं टिकावी असं कुणाला वाटणार नाही? पण मैत्रिणींनो, गादी जपायची कुणी? गाढ झोपलेल्या पाच वर्षांच्या पोराने, की जागेपणी विचार करू शकणाऱ्या आपण मोठ्यांनी?

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ या. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं याला डॉक्टर आजार मानतच नाहीत. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण १५ मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. त्यातली बरीचशी वय वाढेल तशी आपोआप कोरडी होतात. झोपेत मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, मग मूल जागं तरी कसं होणार? काही मुलांना जुनाट बद्धकोष्ठता असते, तिचाही दाब मूत्राशयावर येतो. आणि हो, हे घराण्यातूनही येतं. आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता खूपच वाढते. सासूबाईंना एकदा हळूच विचारून बघा, तुमच्या 'साहेबां'चं लहानपण कसं गेलं ते!

म्हणजे यात आळस नाही, हट्ट नाही, की मुद्दाम केलेला खोडसाळपणा नाही. तरीही 'मुतऱ्या' म्हणून चिडवणं, ओली चादर शेजाऱ्यांना दिसेल अशी वाळत घालून लाजवणं, इतकंच काय, डाग द्यायची धमकी देणं, हे प्रकार आपल्या गावांतून अजून गेलेले नाहीत. भीतीने मूल कोरडं होत नाही. ते फक्त ओली चड्डी लपवायला शिकतं.

आपल्या आज्या-पणज्या या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या होत्या. जुन्या नऊवारीची, धोतरांची मऊ गोधडी त्या मुलाखाली घालत. ओली झाली की धुवायची, दुपारच्या उन्हात वाळवायची, संध्याकाळी पुन्हा अंथरायची. गादीचं तसं नाही. कापसाची गादी आतपर्यंत भिजली की कापसाचे गोळे होतात, मग पिंजाऱ्याकडे नेऊन कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो, गादीपाट बदलावा लागतो. फोमची गादी तर स्पंजासारखी सगळं पिऊन टाकते आणि वास महिनोन्महिने जात नाही. म्हणूनच गादी घेतली तरी गोधडी टाकून देऊ नका.

अंथरूण घालताना थरांचा विचार करा. सगळ्यात खाली गादी, तिच्यावर चारही कोपरे घट्ट बसणारं पाणी न झिरपणारं कव्हर, त्यावर सुती चादर आणि कमरेखाली चौघडी गोधडी. गादीच्या किमतीच्या मानाने कव्हराचा खर्च किरकोळच असतो. सुटं प्लॅस्टिक मात्र नुसतं पसरू नका, विशेषतः तान्ह्या बाळाखाली. ते सरकून नाका-तोंडावर आलं तर जिवावर बेतू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ, खोल रुतणारी गादीही नको आणि उशीही नको. मोठ्या मुलाच्या उशाशी कोरडी चादर आणि चड्डी रात्रीच काढून ठेवा. म्हणजे अपरात्री दिवे लावून सगळं घर उठवायला नको.

एवढं करूनही गादी भिजलीच, तर पहिल्यांदा जुन्या धोतराने किंवा पंचाने दाबून ओल टिपा, घासू नका. घासलं की ओल आणखी आत जाते. मग पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच गार पाणी एकत्र करून फडक्याने टिपून घ्या. वर खायचा सोडा भुरभुरा, चार-पाच तासांनी ब्रशने झाडून काढा. बादलीभर पाणी गादीवर ओतायचं नाही, आत मुरलेलं पाणी बुरशीला आमंत्रण देतं. आणि ब्लीच तर अजिबात नको. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की घशाला झोंबणारी विषारी वाफ निघते. कापसाची गादी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात घाला. फोमची मात्र वाऱ्यावर, सावलीत वाळवा, कारण उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. कोरड्या गादीत ओलसर जागेला चटावलेले, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडेही कमी होतात. दम्याच्या मुलांना त्यांचाच फार त्रास होतो.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या नगरचं बघा. पाथर्डी, पारनेरला उन्हाची ददात नाही, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे रोज गोधड्या धुवायला पाणी आणायचं कुठून? उलट अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात पाणीच पाणी, पण चादर वाळेल असं ऊन आठवडेच्या आठवडे दिसत नाही. म्हणजे एकीकडे पाणी नाही, दुसरीकडे ऊन नाही! दोन्हीकडे सोय एकच, गादी भिजूच न देणारं कव्हर. ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुलं मागे राहतात, आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. आधी कोरडं राहणारं मूल आई दूर गेल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करू लागणं, हे मनाच्या ताणामुळे होऊ शकतं. अशा वेळी त्या लेकराला ओरडा मिळावा, की पाठीवरून हात फिरावा? आणि सत्तरीतल्या आजीने रोज पहाटे थंड पाण्यात गोधड्या आपटाव्यात, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

म्हणून माझी मागणी साधी आहे. हंगामी वसतिगृह असो की आश्रमशाळा, लहान मुलांच्या प्रत्येक गादीला असं कव्हर आणि प्रत्येक मुलामागे दोन जादा चादरी असायलाच हव्यात. ओली चादर गुपचूप टाकता येईल अशी एक झाकणाची बादलीही असावी. चारचौघांत नाव घेऊन कुणाला उभं करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारणंच नव्हे, तर त्याचा मानसिक छळ करणंही मना आहे. महिला मंडळांनी आणि बचत गटांनी हे मनावर घ्यावं. कव्हरं शिवणं आपल्या बायकांच्या हातचं काम आहे. रेक्झिन आणि शिलाई मशीन गावोगावी मिळतं.

घरीही एक करा. सकाळी चादर काढणं, बादलीत टाकणं यात मुलाला सोबत घ्या, पण शिक्षा म्हणून नव्हे. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही. आणि बाबांनाही! ओल्या गोधड्या हे फक्त आईचं नशीब नाही. संध्याकाळनंतर पाणी थोडं कमी द्या, पण दिवसभर तहानलेलं ठेवू नका. झोपायच्या आधी लघवीला न्या. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, लघवीला जळजळ होत असेल, सारखी तहान लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांकडे जा. सात वर्षं उलटूनही त्रास थांबत नसेल तरी दाखवा, यावर उपाय आहेत.

नवरात्राआधी आपण घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढतो. यंदा त्या धुण्यासोबत मुलाला दिलेले टोमणेही धुऊन टाकू या. गादीचा डाग उन्हाने फिका होतो, पण लहानपणी मनावर पडलेला डाग काढायचं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.